रिडायरेक्ट हाताळणी: एचटीटीपी क्लायंट लायब्ररीच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आमची लायब्ररी (वेब सर्व्हरला विनंती पाठवून उत्तर आणणारा कोड) आजवर ३०१, ३०२ वगैरे रिडायरेक्ट उत्तरं, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असं सांगणारी, जशीच्या तशी वापरणाऱ्याच्या हातात ठेवत होती. परिणाम असा की ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात कुणी ना कुणी स्वतःचा लूप लिहिलेला आहे आणि प्रत्येक लूप वेगळ्या जागी फुटतो. ते सगळं आता लायब्ररीत घ्यायचं ठरलं. अंदाज एका आठवड्याचा दिला. तो चुकणार हे पुढच्या नोंदींत दिसेलच.

पहिला लूप सरळ होता: स्टेटस (उत्तराचा आकडा) ३०० ते ३९९ असेल तर लोकेशन हेडर (उत्तरातली नवा पत्ता सांगणारी ओळ) वाच, तिकडे जा. तासाभरात पहिली जुनी टेस्ट लाल झाली. इटॅग (आधी घेतलेल्या प्रतीची खूण) पाठवून 'बदल झालाय का' असं विचारणारी ती टेस्ट होती. उत्तर आलं ३०४, त्यात लोकेशन नाही, आणि लायब्ररीने एरर फेकला. ३०४ म्हणजे 'तुझ्याकडची प्रत चालेल', ते कुठे जायला सांगतच नाही. त्यामुळे आकड्यांची रेंज काढून टाकली आणि पाचच कोड लिहिले: ३०१, ३०२, ३०३, ३०७, ३०८. ३०० आलं तर निवड वापरणाऱ्याची. ३०५ बाद झालेलं, ३०६ वापरात नाही. बाकी सगळं जसं आलं तसं परत.

या पाचांपैकी काही आलं पण लोकेशनच नसेल तर? एरर न देता मूळ उत्तर परत करतो. त्याच्या बॉडीत (हेडरांखालच्या मजकुरात) बऱ्याचदा सर्व्हरने काय बिनसलं ते लिहिलेलं असतं.

४ फेब्रुवारी

मेथडचा तक्ता: मेथड म्हणजे विनंतीचा प्रकार (गेट: दे, हेड: नुसते हेडर दे, पोस्ट: हे घे, पुट: हे ठेव, डिलीट: पूस), आणि कुठल्या कोडला पुढच्या विनंतीत तो काय होतो ते ठरवायचं. वाद इथे होणार हे माहीत होतं, झाला.

३०७ आणि ३०८ सोपे: मेथड आणि बॉडी दोन्ही तशीच पुढे. ३०३ पण सोपा: गेट करा. फक्त मूळ विनंती हेड असेल तर ती हेडच ठेवायची, नाहीतर ज्याला नुसते हेडर हवे होते त्याच्या गळ्यात अख्खी फाइल पडते.

भानगड ३०१ आणि ३०२ ची. १९९६च्या आरएफसी १९४५ मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) टीप आहे की काही क्लायंट ३०१ नंतर पोस्टचं चुकीने गेट करतात. मग १९९७ मध्ये ३०३ आला, १९९९ मध्ये ३०७ आला, तरी जुन्या दोन कोडांचं वागणं कुणी बदललं नाही. शेवटी २०१४च्या आरएफसी ७२३१ने पोस्टचं गेट करायला रीतसर परवानगी दिली, आणि २०२२च्या आरएफसी ९११० मध्येही तेच आहे.

पण पुट आणि डिलीटचं काय? इथे प्रत्येक क्लायंटचं वेगळं. ब्राउझर ज्या फेच स्टँडर्डवर चालतात ते ३०१-३०२ला फक्त पोस्ट बदलतं. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ३०२ला हेड सोडून सगळ्यांचं गेट करते. गो भाषेची नेट-एचटीटीपी लायब्ररी ३०१-३०२ला गेट आणि हेड सोडून सगळ्यांचं. सहकाऱ्याचं म्हणणं 'सगळ्यांचं गेट' सुरक्षित. माझं म्हणणं उलट: डिलीट पाठवलं, आतल्या आत त्याचं गेट झालं, २०० आलं, आणि वापरणाऱ्याला वाटलं पुसलं गेलं. असली खोटी दोनशे शोधून काढणं फार जड जातं. फेचप्रमाणे करायचं ठरलं.

७ फेब्रुवारी

मेथडचा तक्ता बसवला, स्थानिक टेस्ट सगळ्या हिरव्या. स्टेजिंगवर (रीलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) टाकल्यावर फॉर्म भरण्याची विनंती बरोबर तीस सेकंद लटकायची आणि मग टाइमआउट. तीस सेकंद ही आमची वाचण्याची मर्यादा, म्हणजे सर्व्हर काहीच बोलत नव्हता.

सर्व्हरच्या टीमला पिडण्यात अख्खी दुपार गेली. त्यांच्या लॉगमध्ये पोस्ट दिसत होती, ३०२ दिसत होता, पुढची गेट दिसतच नव्हती. मग सॉकेटवर जाणारे कच्चे बाइट छापून बघितले. दुसरी विनंती अशी जात होती:

गेट /पावती/५१ एचटीटीपी/१.१
कंटेंट-टाइप: अ‍ॅप्लिकेशन/जेसन
कंटेंट-लेंग्थ: १३७

आणि त्याखाली रिकामी ओळ. बस्स. बॉडी आम्ही काढली होती, पण ती १३७ बाइटची आहे असं सांगणारा हेडर तसाच राहिला होता. सर्व्हर इमाने इतबारे १३७ बाइटची वाट बघत बसला होता. विनंती पूर्णच आली नाही, मग लॉगमध्ये दिसणार कशी?

स्थानिक टेस्ट हिरव्या का, तर आमचा टेस्ट सर्व्हर गेटची बॉडी वाचतच नाही. हेडर संपले की उत्तर देऊन मोकळा.

याच बगचं दुसरं रूप जास्त वाईट निघालं. एक सर्व्हर बॉडीची वाट न बघता लगेच उत्तर द्यायचा, आम्ही ते कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात) परत ठेवायचो, आणि मग त्यावरून जाणाऱ्या पुढच्या, अजिबात संबंध नसलेल्या विनंतीचे पहिले १३७ बाइट तो आधीची बॉडी म्हणून गिळायचा. उरलेल्या तुकड्यावर ४००. लॉगमध्ये बघणाऱ्याला वाटणार ती दुसरी विनंतीच खराब आहे.

दुरुस्ती: मेथड गेट झाली की 'कंटेंट-' ने सुरू होणारे सगळे हेडर, ट्रान्सफर-एन्कोडिंग, ट्रेलर आणि एक्स्पेक्ट, सगळे काढायचे. नुसता कंटेंट-लेंग्थ काढून भागत नाही. तुकड्यातुकड्याने बॉडी पाठवणाऱ्याकडे लेंग्थ नसतेच, तिथे ट्रान्सफर-एन्कोडिंग मागे राहतं आणि सर्व्हर शेवटच्या शून्य लांबीच्या तुकड्याची वाट बघतो.

उलट बाजूचा बगही लोकांना लागलाय. पायथनच्या युआरएललिब३ लायब्ररीत ३०३ नंतर मेथड गेट व्हायची पण बॉडी तशीच जायची. तो सीव्हीई-२०२३-४५८०३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक), आवृत्ती १.२६.१८ आणि २.०.७ मध्ये दुरुस्त. दोन्ही प्रकारांसाठी टेस्ट लिहिल्या, आणि टेस्ट सर्व्हर बदलून तो सांगितलेली लांबी पूर्ण आल्याशिवाय उत्तर देणार नाही असा केला. हा बदल सगळ्यात आधी करायला हवा होता.

९ फेब्रुवारी

३०७. मेथड आणि बॉडी तशीच पुढे, हे तक्त्यात लिहायला एक ओळ लागते. पण बॉडी फाइल स्ट्रीम असेल तर पहिल्या विनंतीतच ती वाचून संपलेली असते. दुसऱ्या विनंतीला शून्य बाइट गेले, सर्व्हरने २०१ दिलं, आणि तिकडे रिकामी फाइल तयार झाली. एरर कुठेच नाही.

पहिला विचार बॉडी मेमरीत साठवून ठेवण्याचा. मोठ्या अपलोडला तो चालत नाही, आणि रिडायरेक्ट क्वचित येणार म्हणून प्रत्येक अपलोडने मेमरी का भरायची. आता असं केलंय: बॉडीबरोबर 'पुन्हा सुरुवातीपासून दे' हे फंक्शन द्यायची सोय. स्ट्रिंग आणि बाइट असतील तर ते लायब्ररी स्वतः तयार करते. फाइल असेल तर जिथून वाचायला सुरुवात केली तिथे परत जाते. (फाइलच्या शून्यावर नव्हे. वापरणाऱ्याने आधी काही भाग वाचून उरलेला पाठवायला दिलेला असू शकतो.) पाइपसारखं पुन्हा न वाचता येणारं काही असेल तर स्पष्ट एरर.

मोठ्या अपलोडला एक्स्पेक्ट: १००-कंटिन्यू ('आधी हो म्हण, मग बॉडी पाठवतो' असा हेडर) पाठवलं तर सर्व्हर बॉडी यायच्या आधीच ३०७ देऊ शकतो. काही सर्व्हर त्याला दादच देत नाहीत, म्हणून थोडं थांबून बॉडी पाठवायला लागायचं. कर्ल (कमांडने विनंत्या पाठवायचं साधन) डिफॉल्टने एक सेकंद थांबतं, आम्हीही तेच घेतलं.

१२ फेब्रुवारी

लोकेशनची यूआरएल. १९९९च्या आरएफसी २६१६ला ती पूर्ण हवी होती. सर्व्हरांनी ते कधी मनावर घेतलं नाही, २०१४ मध्ये अपुरी यूआरएलही मान्य झाली. स्टेजिंगच्या लॉगमधून जमा केलेले नमुने: नुसता पाथ, दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा होस्ट, नुसती क्वेरी (? नंतरचा भाग), '../' चे तुकडे, मागेपुढे स्पेस.

स्ट्रिंगा जोडायचा कोड कुणी लिहू नका. आमच्या एका प्रकल्पात तो होता: 'तिरपी रेघ असेल तर होस्ट चिकटव'. दोन रेघांचं लोकेशन आलं की तो नवीन होस्टला पाथ समजायचा. आरएफसी ३९८६च्या पाचव्या भागात जोडणीची पद्धत आणि उदाहरणं आहेत, ती उदाहरणं जशीच्या तशी टेस्टमध्ये टाकली. आणि पाया म्हणून मूळ यूआरएल नाही, *या हॉपची* (रिडायरेक्टच्या साखळीतल्या या उडीची) यूआरएल घ्यायची.

फ्रॅगमेंट, म्हणजे # नंतरचा भाग: नव्या लोकेशनमध्ये नसेल तर जुना पुढे न्यायचा. सर्व्हरला तो जात नाही, पण अंतिम यूआरएल वापरणाऱ्याला देताना लागतो.

१३ फेब्रुवारी

देवनागरी पाथ असलेलं लोकेशन. नियमाने सर्व्हरने टक्के चिन्हांत लिहून पाठवायला हवं, पण कच्चे यूटीएफ-८ बाइट येतात. आमचा हेडर वाचणारा कोड बाइटांना लॅटिन-१ (एक बाइट, एक अक्षर) समजतो. मग 'क' या एका अक्षराचे ई०, ए४, ९५ हे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं होतात, आणि यूआरएल बनवताना त्या तिघांचं पुन्हा यूटीएफ-८ केलं की सी३ ए० सी२ ए४ सी२ ९५ असे सहा. सर्व्हर म्हणतो ४०४, आणि बरोबरच म्हणतो.

आता लोकेशन हा हेडर बाइट म्हणूनच घेतो. अ‍ॅस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट आणि स्पेस टक्के चिन्हात, आधीच टक्के चिन्हात असलेल्याला हात लावायचा नाही. पहिल्या प्रयत्नात % चंही %२५ होत होतं.

१६ फेब्रुवारी

ऑथरायझेशन, म्हणजे ओळख पटवणारा टोकन नेणारा हेडर. आजपर्यंत सगळे हेडर पुढच्या हॉपला कॉपी होत होते, कारण पहिला लूप तसा लिहिला होता. लक्षात आलं ते असं: आमचा एपीआय फाइल मागितली की ३०२ देऊन ऑब्जेक्ट स्टोरेजच्या सही केलेल्या यूआरएलवर पाठवतो. तिकडून ४०० आलं. क्वेरीत सही आणि वर ऑथरायझेशन हेडर, दोन्ही कसे चालतील, असा त्याचा आक्षेप. म्हणजे आमचा टोकन दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर पोचला होता. त्याने कुरकुर केली म्हणून कळलं. निमूट २०० दिलं असतं तर कळलं नसतं. भाड्याचं घर बदलल्यावर जुन्या घराची किल्ली नव्या मालकाला नेऊन देण्यातला प्रकार. स्टेजिंगचा टोकन रद्द करून नवा घेतला.

पहिली दुरुस्ती: होस्ट बदलला तर ऑथरायझेशन, कुकी काढ. ती अपुरी आहे हे इतरांच्या सीव्हीई वाचून कळलं, स्वतः भोगायची वेळ आली नाही:

होस्ट तोच, पण एचटीटीपीएसवरून एचटीटीपी. टोकन उघड्यावर. रिक्वेस्ट्सला हे लागलं होतं, सीव्हीई-२०१८-१८०७४, आवृत्ती २.२०.० मध्ये दुरुस्त.

होस्ट तोच, पोर्ट वेगळा. एकाच मशीनवर दोन वेगळ्या लोकांच्या सेवा असू शकतात. कर्लला लागलं, सीव्हीई-२०२२-२७७७४, ७.८३.० मध्ये दुरुस्त.

म्हणून तुलना स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट आणि पोर्ट या तिन्हींची, तिन्ही मिळून ओरिजिन. होस्ट लहान अक्षरांत करून, आणि पोर्ट लिहिला नसेल तर ८० किंवा ४४३ धरून. सवलत एकच: त्याच होस्टवर ८० वरून ४४३ वर जाणं. टोकन आधीच उघडा गेलेला असतो, बंदिस्त रस्त्यावर येताना तो काढून नवं काही वाचत नाही. सबडोमेनला गो सवलत देते. आम्ही दिली नाही.

१८ फेब्रुवारी

वरचं सगळं करूनही भोक राहिलं होतं. क आणि ख हे दोन होस्ट धरा. क पासून ख ला रिडायरेक्ट, आणि मग ख पासून ख च्याच दुसऱ्या पाथला. पहिल्या उडीत हेडर काढले. दुसऱ्या उडीत कोड बघतो: आधीचा ख, पुढचा ख, ओरिजिन तोच, काढायची गरज नाही. पण प्रत्येक हॉपला हेडर *मूळ* विनंतीतून कॉपी होत होते, त्यामुळे टोकन परत आला. गोच्या प्रमाणित लायब्ररीत नेमकं हेच होतं, सीव्हीई-२०२४-४५३३६, जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्त. ते वर्णन वाचून आमच्याकडे टेस्ट लिहिली आणि पहिल्या फटक्यात ती लाल.

आता प्रत्येक हॉप मागच्या हॉपच्या हेडरवरूनच तयार होतो. एकदा उतरवलेला हेडर त्या साखळीत परत येत नाही, क वर परत आलो तरी.

मग स्वतःच्या नावाचे हेडर. एपीआय-की कुणी कुठल्या नावाने पाठवेल, लायब्ररीला काय कळणार? 'हे हेडर काढा' ही यादी कधीच पुरी होत नाही. म्हणून उलटं केलं: ओरिजिन बदलला की फक्त ठरलेले हेडर पुढे जातात. अ‍ॅक्सेप्ट, अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज, यूजर-एजंट, रेंज, अशी छोटी यादी. बाकी सगळे गळतात. यामुळे विनंतीचा माग ठेवणारा आयडी हेडर गळला आणि दोन प्रकल्पांचे डॅशबोर्ड तुटले. त्यांच्यासाठी 'हा हेडर सगळीकडे ने' असं नाव देऊन सांगायची सोय केली. ज्याला न्यायचाय त्याने बोलायचं. उलट नाही.

होस्ट हेडर मात्र नेहमीच काढायचा, ओरिजिन तोच असला तरी. एका प्रकल्पाने तो हाताने लावला होता. सर्व्हर म्हणे नव्या डोमेनवर जा, आम्ही जायचो, पण होस्टमध्ये जुनं नाव, मग तोच सर्व्हर पुन्हा म्हणे नव्या डोमेनवर जा.

प्रॉक्सी-ऑथरायझेशन हा प्रॉक्सीचा मामला, अंतिम सर्व्हरला तो दिसताच कामा नये. रिक्वेस्ट्समध्ये तो रिडायरेक्टनंतर पोचत होता, सीव्हीई-२०२३-३२६८१, २.३१.० मध्ये दुरुस्त. आमच्याकडे तो आता हेडरांच्या गठ्ठ्यातच नसतो, कनेक्शन उघडणारा कोड लावतो.

२० फेब्रुवारी

चक्र ओळखणं. 'तीच यूआरएल पुन्हा आली की एरर' असं केलं आणि एक लॉगिन मोडलं. तो सर्व्हर कुकी लावून त्याच यूआरएलला ३०२ देतो, दुसऱ्या वेळी कुकी बघून पान देतो. हे चक्र नव्हे. ओळखण्याचा कोड काढून टाकला, नुसती मर्यादा ठेवली. फेच स्टँडर्डमध्ये २०, रिक्वेस्ट्समध्ये ३०, कर्लच्या कमांडला ५०, गोमध्ये १०. आम्ही १० घेतली, म्हणजे दहा उड्या आणि अकरा विनंत्या. टेस्टमध्ये हे स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी 'सुधारणा' करून नऊ करतो.

याचाच दुसरा अर्थ: ३०२ च्या उत्तरातली सेट-कुकी पुढची विनंती बनवायच्या *आधी* जारमध्ये (कुकींच्या साठ्यात) जायला हवी. आणि कुकी हेडर कॉपी करायचा नाही, प्रत्येक हॉपला जारमधून नव्याने काढायचा.

२३ फेब्रुवारी

लोड टेस्टमध्ये पूल संपला. रिडायरेक्टच्या उत्तराचीही बॉडी असते, 'इथे क्लिक करा' छाप. ती न वाचता पुढे गेलो की कनेक्शन ना मोकळं होतं ना बंद. आता आठ केबीपर्यंत वाचून टाकतो, त्याहून मोठी असेल तर कनेक्शन बंद.

टाइमआउट प्रत्येक हॉपला नव्याने सुरू होत होता. दहा सेकंद मागणाऱ्याला दीड मिनिटाहून जास्त लटकवता आलं असतं. एकच अंतिम वेळ ठरवून ती सगळ्या साखळीला लावली.

२६ फेब्रुवारी

स्कीम फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस. कर्लला २००९ मध्ये फाइल स्कीमच्या रिडायरेक्टने स्थानिक फाइल वाचता येण्याचा बग होता (सीव्हीई-२००९-००३७). एचटीटीपीएसवरून खाली एचटीटीपीवर जाणं डिफॉल्टने बंद.

वापरणाऱ्याने दिलेली यूआरएल उघडणाऱ्या सेवांसाठी आतले आयपी अडवायची सोय आधीपासून होती, पण ती फक्त पहिल्या यूआरएलला तपासायची. बाहेरचा सर्व्हर ३०२ देऊन १६९.२५४.१६९.२५४ वर, म्हणजे क्लाउड मशीनची आतली माहिती देणाऱ्या मेटाडेटाच्या पत्त्यावर पाठवू शकत होता. तपासणी यूआरएलवरून काढून कनेक्शन उघडण्याच्या जागी नेली, डीएनएसचं (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेचं) उत्तर आल्यानंतर. तिथून प्रत्येक हॉपला जावंच लागतं.

२ मार्च

रीलीज. उत्तरासोबत प्रत्येक हॉपचा स्टेटस आणि यूआरएल मिळते. लॉगमध्ये छापताना क्वेरी झाकलेली, सही केलेल्या यूआरएल आठवून.

शेवटचा वाद राहिला होता ३०७ वरच ओरिजिन बदलण्याचा. हेडर गाळले, पण बॉडीत पासवर्ड असेल तर तो दुसऱ्या होस्टला जाणारच, आणि नियमाने ते बरोबरही आहे. आम्ही डिफॉल्टने अशी उडी घेत नाही, ३०७ तसाच परत करतो आणि एका सेटिंगने चालू करता येतं. रीलीजनंतर आलेली पहिली तक्रार याचीच होती. सेटिंगचं नाव कळवलं, डिफॉल्ट बदललं नाही.